सामरीला हसताना

काही चित्रपट दुपारी बघवत नाहीत. तेच रात्री साडेअकराला लागले की उठवत नाही. ‘पुराना मंदिर’ हा त्यातलाच एक. तुलसी आणि श्याम या रामसे बंधूंनी दिग्दर्शित केलेला, १९८४ सालचा हा हिंदी भयपट. चित्रपटगृहांतून तो केव्हाच उतरला, पण पुढे कितीतरी वर्षे व्हिडिओ कॅसेटवर, केबलवर आणि मग उपग्रह वाहिन्यांवर रात्री-अपरात्री तो भेटत राहिला. घरातली मंडळी झोपलेली, टीव्हीचा आवाज बारीक केलेला, आणि पडद्यावर निळा धूर, कोल्हेकुई, कुरकुरत उघडणारा दरवाजा. आपण घाबरतो म्हणावे, तर मध्येच फिस्सकन हसू येते. हसतो म्हणावे, तर स्वयंपाकघरात पाणी प्यायला एकट्याने जायला पाय उचलत नाही.

भीती आणि हसू एकाच माणसाला एकाच वेळी कसे काय होते? आणि आपण हसतो, ते नेमके कशाला? आज त्याचाच थोडा विचार करू.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी गोष्ट. दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाचा एक क्रूर सैतान बिजापूरच्या राजाच्या हाती सापडतो. राजा त्याचे मुंडके उडवतो. मुंडके एका पेटीत बंद करून हवेलीत ठेवले जाते आणि धड एका जुन्या देवळामागे पुरले जाते. मरताना सामरी शाप देतो: या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. आता आजच्या काळात, म्हणजे १९८४ मध्ये, त्या घराण्यातले ठाकूर (प्रदीप कुमार) आपल्या मुलीला (आरती गुप्ता) लग्नच करू देत नाहीत. मुलगी, तिचा प्रियकर (मोहनीश बहल) आणि त्याचा मित्र (पुनीत इस्सार) शापाचा छडा लावायला हवेलीवर जातात. पुढे काय होते ते सांगायला नकोच. धड आणि मुंडके एकत्र येणार हे प्रेक्षकाला पेटी दिसते त्या क्षणीच कळलेले असते. मध्येच ‘शोले’ची नक्कल करणारे जगदीप यांचे एक वेगळेच विनोदी प्रकरण सुरू होते, त्याचा मूळ कथेशी संबंध औषधापुरताच. ललिता पवार, सदाशिव अमरापूरकर, सतीश शाह ही आपल्या ओळखीची मंडळीही यात दिसतात.

अशा चित्रपटांच्या चवीला इंग्रजीत ‘कॅम्प’ असा एक शब्द आहे. आपल्याकडे त्याला नेमका प्रतिशब्द नाही. ‘भडक’ म्हटले तर त्यातले प्रेम निघून जाते, आणि ‘भाबडा’ म्हटले तर त्यातला थाटमाट निघून जातो. सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने १९६४ मध्ये या चवीवर टिपणवजा निबंध लिहिला, तो पुढे फार गाजला. त्याचा मथितार्थ असा की, एखादी गोष्ट अगदी मनापासून, पूर्ण गांभीर्याने करायला घ्यावी, ती आवाक्याबाहेर जाऊन फसावी, आणि त्या फसण्यातच पाहणाऱ्याला गोडवा वाटावा. जाणूनबुजून केलेले विडंबन वेगळे आणि असे आपोआप घडलेले वेगळे, हाही भेद तिने दाखवला आणि आपोआप घडलेल्याला वरचा मान दिला.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. महेश कोठारे यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’ मराठी घरांत कितीदा पाहिला गेला असेल याला गणती नाही. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची त्रेधातिरपीट. तिथे हसायचे हे आधीच ठरलेले आहे. दिग्दर्शक, नट, बाहुला आणि प्रेक्षक हे सगळे त्या बेतात सामील आहेत. सामरीचे तसे नाही. तो आपल्याला हसवायला आलेलाच नाही. तो डोळे वटारून, हात पुढे करून, आपल्याला मारायलाच निघालेला आहे. हसू येते ते आपले आपल्याला. म्हणूनच त्या हसण्याची जबाबदारीही आपली. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे. त्याआधी हे चित्रपट बनवणाऱ्यांची ओळख करून घेऊ.

त्यांची कहाणी सुरू होते ती रेडिओच्या दुकानात. फतेहचंद रामसिंघानी यांचे फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडात ‘रामसिंघानी’ बसेना, त्याचे ‘रामसे’ झाले, अशी घरची आठवण. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले. वडिलांना चित्रपटनिर्मितीचा नाद होता. १९७० मध्ये त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला आणि तो आपटला. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून, अंगावर चिलखत घालून वस्तुसंग्रहालयात चोरीला शिरतात. थिएटरात बसून मुलांनी पाहिले, की बाकी चित्रपटाला जांभया देणारे लोक या प्रसंगाला दचकून उठून बसतात. लोकांना काय हवे ते त्यांना तिथे कळले.

कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन हे सात भाऊ. त्यांनी कामे वाटून घेतली. कुमार यांच्याकडे लेखन, गंगू यांच्याकडे कॅमेरा, किरण यांच्याकडे ध्वनी, अर्जुन यांच्याकडे संकलन, केशू यांच्याकडे निर्मितीची व्यवस्था, आणि तुलसी व श्याम यांच्याकडे दिग्दर्शन. चित्रपट शिकायला त्यांनी कुठल्या संस्थेत नाव घातले नव्हते. जोसेफ मासेली यांचे छायाचित्रणावरचे एक इंग्रजी पाठ्यपुस्तक घेऊन त्यांनी काश्मीरच्या एका हाउसबोटीत त्याचा अभ्यास केला. मग १९७२ मध्ये आला ‘दो गज जमीन के नीचे’. त्याचे चित्रीकरण झाले आपल्या महाबळेश्वरला. सगळे कुटुंब तिथे मुक्कामाला, स्वयंपाकही घरच्याच बायकांनी रांधलेला. सुमारे चाळीस दिवस आणि साडेतीन लाख रुपये एवढ्यात चित्रपट उरकला, असे ही मंडळी मुलाखतींत सांगत. एखाद्या घरगुती उद्योगात कोणी पापड लाटावेत, कोणी वाळत घालावेत, कोणी पुडे बांधावेत, तसे हे भुतांचे कुटिरोद्योग चालले होते. फरक एवढाच, की माल विकायला मोठमोठ्या नटांची नावे नव्हती. मग सामरीचेच नाव मोठे करावे लागले.

कमी पैशांत भीती कशी तयार करायची, हे पाहायचे असेल तर हे चित्रपट म्हणजे उघडी कार्यशाळाच आहे. धूर सोडला की अर्धे नेपथ्य उभे करावे लागत नाही, कारण मागे काय नाही ते दिसतच नाही. दिव्यांवर लाल, निळे, हिरवे कागद चढवले की साधी खोलीही तळघर होते. झूम लेन्समुळे कॅमेरा न हलवता क्षणात चेहऱ्यावर झेप घेता येते. हे स्वस्तही पडते आणि प्रेक्षक दचकतोही. हवेली नव्याने बांधायची गरज नाही. मुंबईपासून काही तासांवर मुरूडला नवाबांचा राजवाडा समुद्राकडे तोंड करून उभाच आहे, आणि रामसेपटांत तो दिसतोही. आणि सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत जालीम हत्यार म्हणजे आवाज. दरवाज्याची कुरकुर, घुबडाचा घूत्कार, आणि मग अचानक शांतता. डोळे मिटून घेता येतात, कान मिटता येत नाहीत. रेडिओच्या दुकानात वाढलेल्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागले नसणार.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. भीती आणि हसू एकत्र का? त्याचे उत्तर असे, की आधी शरीर घाबरते आणि विचार मागाहून पोचतो. मोठा आवाज झाला, अंधारातून काही झेपावले, की छातीत धस्स होते, खांदे वर जातात, डोळे मिटतात. ही उपजत प्रतिक्रिया आहे, क्षणाच्या एका तुकड्यात घडणारी. त्यानंतर बुद्धी येऊन सांगते, ‘अरे, तो रबराचा पंजा आहे!’ ताणलेले शरीर एकदम सैल पडते, आणि तो ताण वाट सापडेल तिथून बाहेर पडतो. बहुतेक वेळा हसण्यातून. मुखवटा जितका भाबडा, तितकी बुद्धी लवकर पोचते आणि हसूही लवकर येते. चांगल्या प्रतीच्या भयकथेत बुद्धीला असे पोचूच दिले जात नाही. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचून ज्यांच्या रात्री गेल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. तिथे पंजा दिसतच नाही, म्हणून तो रबराचा आहे की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही.

यात रात्रीचा वाटा मोठा. चित्रपटगृहात शेजारी पाचशे माणसे असतात. कोणीतरी शिट्टी मारतो, कोणीतरी खिदळतो, भीती वाटली जाते. घरात दिवा मालवला की खोलीच्या भिंती नाहीशा होतात आणि उरते ती एक उजळ चौकट. दिवसभर थकलेले मन तर्क करायला आळसते. शिवाय जुन्या, बुटक्या, फुगीर काचेच्या टीव्हीवर मुखवट्याची शिवण अंधूक होऊन जायची, हा रामसे मंडळींना झालेला न मागितलेला लाभ. आजच्या मोठ्या, लखलखीत पडद्यावर गळ्यापाशी रबर कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो हे स्पष्ट दिसते. त्यामुळे आज भीती कमी आणि कौतुक जास्त वाटते.

उशिरा रात्री जुने भयपट हसत हसत पाहण्याची ही सवय काही आपणच लावून घेतलेली नाही. अमेरिकेत तिला बरीच जुनी परंपरा आहे. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वाहिनीवर मायला नुर्मी ही अभिनेत्री ‘व्हॅम्पायरा’ बनून, काळा तंग झगा घालून, धुक्यातून चालत यायची आणि जुने स्वस्त भयपट थट्टा करत सादर करायची. १९५७ मध्ये युनिव्हर्सल कंपनीच्या जुन्या ५२ चित्रपटांचा एक गठ्ठाच टीव्ही केंद्रांना विकला गेला, आणि गावोगावच्या केंद्रांनी आपापले भुताटकीचे निवेदक उभे केले. १९८१ पासून ‘एल्व्हायरा’ने तीच गादी चालवली. या निवेदकांचे काम काय? तर प्रेक्षकाला हसायची परवानगी देणे. आपल्याकडे तसा निवेदक नव्हता. ते काम घरातला एखादा मामा किंवा चुलतभाऊ फुकटात करायचा. ‘आता बघ, मागून येणार,’ असे तो म्हणायचा आणि मागून यायचेच.

आपल्याकडे भीतीला हक्काची वेळ दिली ती झी टीव्हीने. ९ ऑगस्ट १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ सुरू झाला, तो रामसे मंडळींचाच. चित्रपटगृहातल्या ‘फक्त प्रौढांसाठी’ या पाटीमुळे ज्यांना आजवर सामरी भेटला नव्हता, त्या मुलाबाळांपर्यंत त्याचे भाऊबंद आता थेट दिवाणखान्यात पोचले. शाळेत मग त्याच गोष्टी. ज्याने पांघरुणातून एक डोळा काढून पाहिले, त्याला ज्याने पूर्ण पाहिले त्याच्यापुढे मान खाली घालावी लागे. दर भीतीनंतर जाहिरात यायची, हेही एक वरदानच. सैतानाचा हात गळ्यापर्यंत येईतो साबणाची वडी येऊन उभी राहायची, आणि तेवढ्यात कोणी तरी उठून दिवा लावून घ्यायचा.

इथपर्यंत सगळे गमतीचे झाले. आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. आपण हसतो ते कशाला?

मुखवट्याला, शिवणीला, धुराला, ओढूनताणून आणलेल्या विनोदाला आपण हसतो. त्यात काही वावगे नाही. पण सामरीचा चेहरा आठवून पाहा. ती भूमिका केली अजय अगरवाल यांनी, पुढे ते अनिरुद्ध अगरवाल या नावाने ओळखले गेले. रुडकीला शिकलेला हा स्थापत्य अभियंता. ती उंची आणि ती चेहऱ्याची ठेवण त्यांची स्वतःची होती, रंगभूषेला फार काम करावे लागले नाही, असे दिग्दर्शकांनीच सांगितले आहे. ‘बंद दरवाजा’ (१९९०) मध्ये ते पुन्हा सैतान झाले. शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’ (१९९४) मध्ये ते डाकू बाबू गुज्जर झाले, आणि तिथे त्यांच्याकडे पाहून कुणाला हसू आले नाही. तेव्हा पडद्यावरच्या सैतानाला हसता हसता, गल्लीतल्या एखाद्या वेगळ्या चेहऱ्याच्या माणसाला ‘सामरी’ म्हणून हाक मारण्याची खोड लागली असेल, तर तो चित्रपटाचा आनंद राहत नाही. तो त्या माणसाचा छळ होतो. टोपणनावांच्या हौसेत आपण हे केलेले आहे.

दुसरी गोष्ट त्या शापाची. घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल, हा शाप पडद्यावर ऐकताना आपल्याला नाटकी वाटतो. पण तो पटकथाकाराने हवेतून आणलेला नाही. आपल्या लोकसमजुतीत बाळंतपणात गेलेल्या बाईच्या भुताला ‘अलवंत’ असा स्वतंत्र शब्द आहे. एखाद्या भाषेत अशा भुतासाठी वेगळे नाव असते, याचा अर्थ असे मरण घरोघरी ठाऊक होते. अगदी १९९७-९८ मध्येसुद्धा भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० च्या पाहणीत हा आकडा ९७ वर आला. हा शाप कुठल्या त्रिशुळाने उतरला नाही. तो सुईणी, परिचारिका, रक्ताच्या बाटल्या, लोहाच्या गोळ्या आणि वेळेवर आलेली रुग्णवाहिका यांनी उतरवला, आणि अजून पुरता उतरलेला नाही. १९८४ मध्ये हा चित्रपट पाहणाऱ्या कितीतरी बायकांनी आपली आई, बहीण किंवा जाऊ अशी गमावलेली असणार. ज्या प्रसंगी आपण हसलो, त्याच प्रसंगी त्या का हसल्या नसतील, हे आता कळते.

तिसरी गोष्ट भूत-प्रेत-मंत्र-तंत्राची. पडद्यावरचा मांत्रिक आपल्या करमणुकीचा आहे. पडद्याबाहेरचा नाही. डाकीण ठरवून बाईला मारहाण करणे, गावाबाहेर काढणे हे प्रकार आपल्याच राज्यात, सातपुड्याच्या परिसरात घडलेले आहेत. करणी, भानामती यांच्या नावाने लुबाडणूक आणि त्याहून वाईट गोष्टीही होत आल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे ज्या कायद्याचा पाठपुरावा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला, पण त्यांच्या खुनानंतर. मग अशा चित्रपटांवर बंदी घालावी का? मला तसे वाटत नाही. उलट, ज्याने सामरीच्या गळ्याची रबरी शिवण पाहिली आहे, त्याच्यावर खऱ्या मांत्रिकाची छाप पडणे थोडे अवघड जाते. धूर कुठून सोडला, आवाज कुठून आला, दिवा कुणी हलवला, हे शोधायची सवय ज्या मुलाला लागली, तो मुलगा उद्या बाबा-बुवाच्या मठातही तेच शोधेल. रात्री उशिरा रामसेपट पाहण्याचा हा फायदा कुणी अभ्यासक्रमात घालणार नाही, पण तो खरा आहे.

मात्र त्यासाठी पाहणाऱ्या मुलाशेजारी कोणीतरी मोठे माणूस हवे. लहान मुलाच्या बाबतीत बुद्धी उशिरा पोचते, कधी कधी पोचतच नाही, आणि नुसती भीती उरते. दिवाणखान्यातला तो मामा म्हणूनच महत्त्वाचा. त्याने एका हाताने धीर द्यायचा आणि दुसऱ्या हाताने शिवण दाखवायची.

ज्यांनी हे सगळे उभे केले, ते भाऊ आता एकेक करून गेले. तुलसी रामसे २०१८ मध्ये, श्याम रामसे २०१९ मध्ये, कॅमेरा सांभाळणारे गंगू रामसे २०२४ मध्ये. ऐन भरात असताना त्यांना मानाचे पान कुणी वाढले नाही. समीक्षकांनी नाके मुरडली, मोठे नट फिरकले नाहीत. शेवटी त्यांच्यावर पुस्तके निघाली, अभ्यासकांनी प्रबंध लिहिले, आणि ज्या चित्रपटांना लोक लपूनछपून जात, त्यांची पोस्टरे लोक हौसेने जमवू लागले. त्यांनी भीती विकली हे खरे, पण ती रोख भावात, काटा न मारता विकली. पडद्यावर जे वचन दिले, ते त्यांनी धुरासकट पुरे केले.

तेव्हा पुन्हा कधी रात्री वाहिन्या बदलताना ‘पुराना मंदिर’ हाती लागला, तर अवश्य बघा. दिवा मालवूनच बघा. दचकायचे तिथे दचका, हसू आले तर मोकळेपणाने हसा. फक्त आपण रबराला हसतो आहोत की माणसाला, एवढे मनाशी तपासत राहा. आणि पाणी मात्र आधीच भरून उशाशी घेऊन बसा.